फोज्जातला गुपचूप मुक्काम

"काही झालं तरी या खेपेला लोरेदानाच्या घरी पाय ठेवायचा नाही," असं इन्कोरोनातानं जाहीर केलं, तेव्हा जेरार्दो पावाचा तुकडा रश्शात बुडवत होता. तुकडा त्यानं तसाच बुडता ठेवला.

"मग झोपायचं कुठे? बसस्टँडवर?"

"हॉटेलात."

तुकडा विरघळून गेला. या घरात हॉटेल हा शब्द आजवर फक्त शेजारणीच्या जावयाला नावं ठेवताना निघाला होता. डोळे मिटून पडायचे पैसे मोजणारी माणसं इन्कोरोनाताच्या लेखी एक तर आजारी, नाहीतर जर्मन.

पण प्रसंगच तसा होता. खाली फोज्जा शहरात राहणाऱ्या साविनोची, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकाची बायको देबोरा मंगळवारी बाळंत होणार होती. पोट कापून, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेला, जशी बस सुटते तशी. मुलगी आहे हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. आणि पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव ठेवतात, हे डोंगरावरच्या मोंतेसेक्को गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. इन्कोरोनाताला तिच्या आजीचं नाव होतं, त्या आजीला तिच्या आजीचं. इन्कोरोनाता, म्हणजे मुकुटधारी मेरीमाउली, ज्या ओकाच्या झाडावर प्रकट झाली, तिथपर्यंत ही माळ न तुटता जात होती.

आता मध्ये आली होती विहीण. लोरेदानाचं फोज्जाच्या मोठ्या रस्त्यावर चादरी-टेबलक्लॉथचं दुकान. केस सोनेरी, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजात ती गेले कित्येक महिने लेकीच्या कानात ओतत होती की हल्लीच्या मुलींना हलकी नावं शोभतात. लूना, म्हणजे चंद्र, उदाहरणार्थ. साविनो फोनवर म्हणाला होता, "आई, देबोराला लूनापण आवडतंय." त्या 'पण'नं इन्कोरोनाताची झोप उडवली होती.

"म्हणून तर तिच्या घरी जायला हवं," जेरार्दो म्हणाला. "गोड बोलून..."

"तिच्या घरी गेलं की तोंड शिवलं जातं, विसरलास? लग्नात उतरलो होतो तेव्हा गिऱ्हाइकांना सांगत होती, गावाकडचे पाहुणे आलेत, बिचारे. बिचारे! आणि मी काय करत होते? मान हलवत होते. कारण हिचा पलंग, हिची उशी, हिची कॉफी. पाहुण्याला फक्त मान असते रे, जीभ नसते. मला या वेळी जीभ लागणार आहे."

"मग सरळ सांग तिला, आम्ही हॉटेलात उतरतो."

इन्कोरोनातानं नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं ती उतू गेलेल्या दुधाकडे पाहायची. विहिणीचं घर गावात उभं असताना हॉटेलात उतरायचं, म्हणजे तिच्या दुकानाच्या दारावर 'इथल्या चादरी मळक्या आहेत' अशी पाटी लावण्यासारखं. लोरेदाना रडली असती. पोटुशी देबोरा तिच्याबरोबर रडली असती. साविनो तर सिनेमातही रडायचा. आणि त्या पाण्यातून इन्कोरोनाता हे नाव वाहून गेलं असतं ते थेट समुद्रात.

म्हणजे हॉटेलात उतरायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही.

तिनं त्याच दुपारी विहिणीला फोन लावला. "नाही हो विहीणबाई, तुमच्या घरी या धावपळीत आमचा भार नको. आम्ही यांच्या चुलतभावाकडे उतरतोय, मिकेलेकडे. फारच मागे लागलाय."

फोन ठेवल्यावर जेरार्दो हळूच म्हणाला, "मिकेले तर कधीच वारला."

"म्हणूनच त्याचं नाव घेतलं. तो कुणाकडे बोलायला जाणार नाही."

आता हॉटेल शोधायचं राहिलं. हॉटेल स्वस्त हवं, स्वच्छ हवं, इस्पितळाच्या जवळ हवं आणि विहिणीच्या दुकानापासून लांब हवं. जेरार्दोनं औषधाच्या दुकानातून एक नंबर आणला, स्टेशनमागच्या एका हॉटेलचा. त्यानं फोन लावला, पलीकडच्या माणसानं नम्रपणे खोली आहे म्हणून सांगितलं, भाडंही परवडणारं सांगितलं, आणि जेरार्दो नाव सांगणार एवढ्यात इन्कोरोनातानं फोन हिसकावून ठेवून दिला.

"काय करतोयस? असा सरळ फोन?"

"मग कसा करतात?"

"ओळखीशिवाय? कुणी शब्द टाकल्याशिवाय? वाटेवरच्या माणसासारखं आपलं नाव सांगायचं, तो म्हणेल ते भाडं द्यायचं, तो देईल त्या खोलीत पडायचं? संडासाला लागून असलेली खोली कुणाला देतात माहितेय? ज्याचं कुणी नसतं त्याला!"

खरंच, मोंतेसेक्कोत दात काढायचा असला तरी दाताच्या डॉक्टरला कुणाच्या तरी मावशीचा फोन जात असे. दात तसाही निघायचा, पण ओळखीनं निघालेला दात कमी दुखतो, असं सगळ्यांचं मत होतं.

इन्कोरोनाता उठली आणि पाद्रीबाबांकडे गेली. "फादर, फोज्जाच्या त्या स्टेशनमागच्या हॉटेलात कुणाची ओळख आहे?"

"कुणासाठी?"

"दोन अब्रूदार माणसांसाठी. नाव सांगू नका. त्यांचं येणं गावभर व्हायला नकोय."

"नाव नको?" पाद्रीबाबांनी भुवया वर केल्या. पण इन्कोरोनातानं त्यांना गेली कित्येक वर्षं दर ईस्टरला अंडी पुरवली होती, तेव्हा त्यांनी फोन उचलला. फोज्जाला बिशपसाहेबांच्या कचेरीत त्यांचा जुना वर्गमित्र कारकून होता. कारकून म्हणाला, त्या हॉटेलवाल्याच्या एका बहिणीशी आपला परिचय आहे, आपण तिच्या कानावर घालू.

इथेच घोळाला पाय फुटले. पाद्रीबाबा म्हणाले होते, "दोन अब्रूदार माणसं, नाव सांगायचं नाहीये." कारकुनानं विचार केला, नाव सांगत नाहीत म्हणजे नाव मोठं असणार. त्यानं पुढे सांगितलं, "आमच्या कचेरीकडून आहेत, नाव विचारू नका." त्या बहिणीनं विचार केला, बिशपच्या कचेरीकडून, आणि नाव विचारायचं नाही, म्हणजे बिशपसाहेबांच्या घरचंच कुणीतरी. हॉटेलवाल्यापर्यंत पोचेतो मोंतेसेक्कोचं म्हातारं जोडपं बिशपसाहेबांची सख्खी बहीण आणि मेहुणा झालं होतं. स्वस्तातली खोली मागतायत याचंही कुणाला नवल वाटलं नाही. थोरामोठ्यांचा साधेपणा तो.

इकडे इन्कोरोनाता सामान बांधत होती. शब्द टाकणाऱ्याचे हात रिकामे ठेवायचे नसतात. पाद्रीबाबांना सॉसेजची माळ दिली. कारकुनासाठी काचोकावाल्लो चीजचा लोंबता गोळा घेतला. त्या अनोळखी बहिणीसाठी तेलाचा डबा. हॉटेलवाल्यासाठी सुकवलेले टोमॅटो, बदाम आणि आणखी एक चीज. शिवाय घरच्या चादरी, कारण हॉटेलच्या चादरीवर कोण झोपून गेलं असेल देव जाणे.

जेरार्दो पुठ्ठ्याच्या खोक्याला दोरी बांधता बांधता म्हणाला, "बाई, एवढ्यात तर रोमच्या मोठ्या हॉटेलात राहून झालं असतं."

"भाडं वेगळं आणि मान वेगळा. तू बांध."

सोमवारी दुपारी दोघं बसमधून उतरून हॉटेलशी पोचली, तर मालक दारात उभा. कोट घालून. आर्मांदो त्याचं नाव. त्यानं धावत येऊन खोकं स्वतः उचललं, वाकून इन्कोरोनाताचा हात ओठांना लावला आणि कुजबुजला, "बाईसाहेब, नाव सांगू नका. मला सगळं समजलंय."

इन्कोरोनातानं नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला. बघ, शब्द टाकला की काय होतं ते.

खोली पहिल्या मजल्यावर, नवपरिणीत जोडप्यांना देतात ती. पडदे मखमली, उशाशी फुलं, भिंतीवर घाईघाईनं लावलेला क्रूस. खिळ्याभोवतीचा गिलावा अजून झडत होता.

"हा माणूस आपल्याला कोण समजतोय?" पलंगाच्या कडेवर बसायचं की नाही या विचारात जेरार्दो म्हणाला.

"जे आपण आहोत ते. तुला सवय नाही म्हणून घाबरतोयस."

"आपण स्वस्तातली खोली मागितली होती."

"आणि त्याच भाड्यात ही मिळाली. आता तुझ्या त्या सरळ फोनवर मिळाली असती का?"

एवढ्यात आर्मांदोनं दार वाजवलं. "बाईसाहेब, रागावू नका. आपल्यासाठी जिनं शब्द टाकला ती माझी मामेबहीण खाली येतेय, पाया पडायला. तिचं एक बारीकसं काम आहे. आपल्या भावाच्या कानावर घातलंत तर..."

"माझ्या भावाच्या?" इन्कोरोनाताचा भाऊ मोंतेसेक्कोत शेळ्या राखत होता.

"आपल्याला मोठेपणा आवडत नाही, कळलं." आर्मांदोनं डोळा मिचकावला आणि गेला.

"हे काहीतरी भलतंच आहे," जेरार्दो म्हणाला. "निघू या."

"निघू या? तिनं आपल्यासाठी शब्द टाकला, तिला भेटायचं नाही? मी काय रानटी आहे?" इन्कोरोनातानं काळा पोशाख चढवला, छातीवर आईचा ब्रोच लावला, तेलाचा डबा घेतला आणि जिना उतरली. खाली बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत ती अशी बसली, की बिशपसाहेबांची खरी बहीण असती तर उठून उभी राहिली असती.

दार उघडलं. आधी आला रेशमी फितीनं बांधलेला पेस्ट्रीचा पुडा. पुड्यामागे सोनेरी केस. सोनेरी केसांखाली लोरेदाना.

इन्कोरोनातानं खुर्चीसकट तोंड खिडकीकडे फिरवलं आणि डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. तोवर तिच्यामागून जिना उतरणारा जेरार्दो वर पसार झाला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो इतक्या चपळाईनं हललेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"बाईसाहेब," लोरेदाना दारातूनच म्हणाली, त्या मऊ आवाजात, "आपण तोंड दाखवू नका. मी समजू शकते. मी विधवा बाई आहे, चादरींचं दुकान आहे. उद्या माझी लेक बाळंत होणारे. तिला इस्पितळात स्वतंत्र खोली मिळावी, एवढाच शब्द आपल्या बंधूंनी टाकावा."

खिडकीकडच्या ओढणीनं मान हलवली. ही गोष्ट इन्कोरोनातालाही पटण्यासारखी होती.

लोरेदानाला धीर आला. ती दोन पावलं पुढे सरकली. "आणि जमलंच तर, भेटायला येणाऱ्या माणसांवर जरा बंधन. तिची सासू आहे ना, डोंगरातली. ती येईल सॉसेजच्या माळा गळ्यात घालून आणि सगळ्या मजल्याला वास सुटेल."

ओढणी ताठ झाली.

"मनानं वाईट नाही हो, बिचारी."

ओढणीच्या आत दात करकरल्याचा आवाज झाला.

"पण हट्टी. माझ्या नातीला स्वतःचं नाव ठेवायला निघालीय. इन्कोरोनाता! आपणच सांगा बाईसाहेब, एवढ्याशा जिवाच्या अंगावर एवढं जुनं कपाट कुणी लादतं का? असलं नाव हल्ली कोण ठेवतं?"

"ज्यांना आई-बाप असतात ते ठेवतात!" इन्कोरोनाता खुर्चीतून उठली आणि वळली. ओढणी खांद्यावर, तेलाचा डबा हातात. "कपाट म्हणे! आणि तुमची ती लूना काय, स्टूल?"

लोरेदानाच्या हातातला पुडा तिरका झाला. आधी सावरली ती लोरेदाना, दुकानदार बाई ती. "म्हणजे मिकेले भावजींनी हॉटेल काढलंय वाटतं?"

"मिकेले वारला."

"केव्हा?"

"त्याचं सोडा."

"माझं घर उभं असताना हॉटेलात! माझ्या पलंगांना काय ढेकूण आहेत? कळू दे माझ्या देबोराला. कळू दे सगळ्या फोज्जाला, सासरच्यांनी माझी काय किंमत केली ती!" तिचे डोळे भरूनसुद्धा आले, अगदी ठरल्या वेळेला.

इन्कोरोनातानं मनात हात टेकले. संपलं. हे डोळे असेच्या असे इस्पितळात जाणार, आणि उद्या दारावर लूना लागणार. ती काही बोलणार, तेवढ्यात आतून कॉफीचं तबक घेऊन आर्मांदो आला आणि खुशीत ओरडला, "इन्कोरोनाता, तुझ्यात साखर किती घालू गं?"

"दोन चमचे," इन्कोरोनाता म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की या माणसाला आपलं नाव माहीत असायचं कारण नाही. आणि 'गं' म्हणायचं तर त्याहून नाही.

आर्मांदोनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो लोरेदानासमोर कप ठेवत होता. "माफ करा बाईसाहेब, लहानपणची सवय. हिच्या आजीचं नाव हिला, इन्कोरोनाता. आम्ही सगळे त्याचं नुरनाता करून हिच्या मागे लागायचो आणि ही दगड मारायची. दुकान काढलं तेव्हापासून ही लोरेदाना झाली. पण माझ्या जिभेला वळण लागतच नाही बघा."

लोरेदानाचा चेहरा तिच्या दुकानातल्या सगळ्या चादरींचे रंग एकामागोमाग एक दाखवून गेला.

"आर्मांदो," ती म्हणाली, "आत जा."

तो गेला. इन्कोरोनाता सावकाश खुर्चीत बसली. तेलाचा डबा तिनं शेजारच्या टेबलावर ठेवला, पोशाखाची घडी नीट केली.

"बसा की, नुरनाता," ती म्हणाली.

"पुन्हा तो शब्द काढलात तर..."

"तर काय? फोज्जाला सांगाल मी हॉटेलात उतरले? सांगा. आणि खोली कुणी मिळवून दिली तेही सांगा. विहिणीला हॉटेलात उतरवायला विहिणीनं स्वतः शब्द टाकला, मखमली पडद्यांची खोली बघून दिली. लोक म्हणतील, घरी ठेवायला नको होतं म्हणून केवढी खटपट केली बाईनं!"

लोरेदाना खुर्ची ओढून बसली. पेस्ट्रीच्या पुड्याची फीत तिनं स्वतःच सोडली. क्रीमची पेस्ट्री एकीनं घेतली, रिकोटा चीजची दुसरीनं. खाताना माणूस ओरडू शकत नाही, एवढी सोय त्यात होती.

"काय हवंय तुम्हाला?" शेवटी लोरेदाना म्हणाली.

"माहितेय तुम्हाला."

"मी त्या नावापासून जन्मभर पळाले हो, विहीणबाई."

"मी जन्मभर त्यातच राहिले. गळत नाही कुठे."

ठरलं ते असं. लोरेदानानं आजच लेकीला सांगायचं, सासूच्या मनासारखं होऊ दे. इन्कोरोनातानं दगड मारणाऱ्या त्या मुलीबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. हॉटेल दोघींनीही विसरायचं. माउलीची शपथ दोघींनी घेतली, उजवा हात छातीवर, डाव्यात पेस्ट्री.

मंगळवारी सकाळी मुलगी झाली. गोरी, जाडजूड आणि जन्मल्या क्षणापासून रागावलेली. साविनो रडत रडत गेला आणि नाव नोंदवून आला. देबोराच्या खोलीच्या दारावर गुलाबी फीत लागली, फितीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं इन्कोरोनाता. आईचा ब्रोच लावून इन्कोरोनाता दाराच्या बरोबर बाजूला उभी राहिली. अभिनंदन घ्यायला तीच जागा सोयीची होती.

माणसं येऊ लागली. पण फोज्जा लोरेदानाचं. दुकानाची गिऱ्हाइकं, शेजारणी, आत्या, माम्या, सगळ्या तिच्याकडच्या. पहिल्याच आत्यानं फीत वाचली आणि हात गालाला लावला. "इन्कोरोनाता? हे काय गं? गावाकडच्या आजीचं लावलंत?"

लोरेदानानं एकदा फितीकडे पाहिलं, एकदा जमलेल्या बायकांकडे. मग तिनं पर्समधून रुमाल काढला.

"नाही हो," ती म्हणाली. "माझं."

बायका जवळ सरकल्या.

"माझं बारशाचं नाव. इतकी वर्षं हृदयात लपवून ठेवलं होतं. तुला ठाऊक आहे आत्या, तू तर होतीस बाप्तिस्म्याला. जावयानं कुठून शोधून काढलं देव जाणे. म्हणाला, आई, तुमचंच नाव ठेवणार." आणि ती रडली, इतकी सुंदर रडली, की परिचारिकाही थांबली.

एकच गलका झाला. बायका लोरेदानाच्या गळ्यात पडल्या. "किती गुणी जावई!" "काय भाग्य गं तुझं!" साविनो दारात उभा, कुणीतरी त्याचे गाल ओढत होतं. आपण एवढे गुणी केव्हा झालो हे त्याला कळत नव्हतं.

इन्कोरोनाताच्या जिभेवर सगळं आलं होतं. शपथ तिनं पाळली होती; विहिणीचं गुपित विहिणीनंच फोडलं. पण आता ओरडावं, तर बाळंतिणीच्या दारात भांडण, आणि भांडणात मखमली पडदे बाहेर येणार. जेरार्दो तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "नाव तर तेच लागलं ना? चल, खाली कॉफी घेऊ."

"थांब," ती म्हणाली.

ती बायकांच्या घोळक्यात घुसली, लोरेदानाचे दोन्ही हात हातात घेतले आणि मजल्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरं आहे, बायांनो! विहीणबाईंचंच नाव. मी तर म्हणते, एवढं सुंदर नाव, लाज कसली बाळगायची? आजपासून हिला लोरेदाना म्हणाल तर मला वाईट वाटेल. नातीचा अपमान होईल तो!"

"बरोबर बोलल्या!" आत्या म्हणाली. तिला ते लोरेदाना प्रकरण कधी पटलंच नव्हतं. "इन्कोरोनाता, इकडे ये बाळ, तुझा मुका घेऊ दे!"

"इन्कोरोनाता, आता दुकानावरची पाटी बदल!"

"अगं नुरनाता, दगड मारायचीस ना गं तू?"

लोरेदानाचं हसू तोंडावर तसंच गोठून राहिलं. एकीला उत्तर द्यावं तर दुसरी हाक मारायची. इन्कोरोनाता इथे, इन्कोरोनाता तिथे. या टोकाकडून मामी, त्या टोकाकडून शेजारीण. एकेका मुक्यासरशी बायका तिला खेचत जिन्यापर्यंत घेऊन गेल्या. कुणीतरी बेकरीतून गरम पेस्ट्री मागवा म्हणत होतं, आणि ती इन्कोरोनातानंच द्यायला हवी म्हणत होतं.

खोली रिकामी झाली. देबोरा झोपली होती. पाळण्यात बाळ जागं होतं, मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून. इन्कोरोनातानं तिला उचललं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

जेरार्दोनं दारातून आत डोकावून पाहिलं. "बाहेर सगळे तिलाच हाका मारताहेत. तुला कुणी विचारत नाहीये."

"मग दार लावून घे," इन्कोरोनाता म्हणाली, "अजिबात आवाज न करता."